घेट्टो पेन्शन: कोणाला मिळते, अर्जात काय लिहायचे

दुसऱ्या महायुद्धात घेट्टोत (नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत) काम केलेल्या ज्यू लोकांना जर्मनीच्या पेन्शन विम्यातून पेन्शन मिळते. कायदा २००२ सालचा. २०१४च्या दुरुस्तीने मुदतीची अट काढली आणि थकबाकी जुलै १९९७पासून देणे सुरू झाले. अर्जाला फी नाही.

पात्रतेच्या अटी तीन: घेट्टोत सक्तीने राहावे लागले, तिथे काम स्वेच्छेने घेतले, आणि त्याचा मोबदला मिळाला. २००९च्या न्यायालयीन निकालांनंतर जेवण किंवा रेशन कूपनही मोबदल्यात धरतात, वयाची किमान अट नाही. विधवा-विधुरांना अर्ज करता येतो, मुला-नातवंडांना नाही.

अर्ज अडतो तो ‘स्वेच्छेने’ या शब्दापाशी. पन्नास-साठच्या दशकात नाझी छळाची भरपाई मागताना अनेकांनी ‘सक्तीची मजुरी’ असे लिहिले होते, आणि त्या वेळी तेच लिहिणे योग्य होते. पुढे पेन्शनच्या अर्जाशी ती जुनी फाइल ताडून पाहिली गेली आणि हजारो अर्ज नाकारले गेले. म्हणून आधी जुन्या फाइलची प्रत मागवा. काम कोणी मिळवून दिले (बहुधा ज्यू परिषदेने, म्हणजे नाझींच्या हुकमाने घेट्टोचा कारभार पाहणाऱ्या ज्यू मंडळाने), कुठे, रोज किती तास, बदल्यात काय मिळाले, हे निवेदनात सविस्तर लिहा. पहाऱ्यात नेऊन करून घेतलेले काम त्यात मिसळू नका.

ज्यू म्हणून ओळख पटावी यासाठी सक्तीने लावलेली दंडावरची पट्टी काही घरांत जपलेली असते; तिच्यावर सहसा नाव नसते, त्यामुळे तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. मात्र ठिकाण आणि काळ आठवायला ती मदत करते. नाझींच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये वॉर्सा, क्राकोकडे १ डिसेंबर १९३९पासून दहा वर्षांवरील प्रत्येक ज्यूला उजव्या बाहीवर किमान १० सेंटीमीटर रुंद पांढरी पट्टी आणि तिच्यावर निळा तारा लावावा लागे. पट्टी ज्याची त्यानेच मिळवायची, न लावल्यास तुरुंग. लोड्झच्या घेट्टोत पट्टी नव्हे, छातीवर आणि पाठीवर पिवळा तारा असे.

सोबत ओळखपत्र, जन्मतारखेचा पुरावा, बँक तपशील आणि दुसरे कोणी अर्ज भरत असल्यास सहीचे अधिकारपत्र जोडा. कागद हाती नसतील तर नाझी छळाच्या बळींच्या नोंदी ठेवणाऱ्या जर्मनीतल्या आरोल्सेन अभिलेखागाराकडे विनामूल्य चौकशी करता येते; उत्तराला महिने लागतात, म्हणून त्यासाठी अर्ज थांबवू नका. पक्का पुरावा नसला तरी कथन विश्वासार्ह वाटले की पुरते.

इस्रायलमधले अर्ज जर्मनीतल्या ऱ्हाइनलँडच्या पेन्शन कार्यालयाकडे, अमेरिकेतले अर्ज जर्मनीच्या उत्तर भागाच्या पेन्शन कार्यालयाकडे जातात. घेट्टोतल्या कामासाठी जर्मन सरकार देते ते २,००० युरोंचे एकरकमी अनुदान या पेन्शनहून वेगळे आहे, त्याचा अर्जही वेगळा.

मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला पाठवावा लागतो. तो चुकला की रक्कम थांबते.