वैरातून प्रेम : जपानी लोककथाधारित अद्भुतकथा

माणूस आणि कोल्हीण, हिमस्त्री, ओनी (राक्षस) अशा अमानुष जिवांमध्ये आधी वैर आणि मग प्रीती रंगवणारा आधुनिक कथाप्रकार. कादंबऱ्या, मांगा (जपानी चित्रकथा) आणि ॲनिमे (जपानी ॲनिमेशनपट) या तिन्हींत तो रुळला आहे. त्यातली पात्रे जपानी लोककथांतून आलेली असली, तरी कथेचा क्रम तिथला नाही. जुन्या कथांत संसार आधी थाटला जातो, जोडीदार खरा कोण हे मागाहून उघड होते आणि उघड झाले की बहुधा ताटातूट. शंतनू-गंगेची कथा ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही घडण परकी वाटणार नाही.

नवव्या शतकाच्या सुरुवातीस क्योकाई या भिक्षूने संकलित केलेल्या ‘निहोन र्योइकी’ या कथासंग्रहात मिनो प्रांतातला एक गृहस्थ वाटेत भेटलेल्या स्त्रीशी लग्न करतो. त्यांना मुलगा होतो. पुढे घरचे कुत्रे अंगावर धावून येताच ती कोल्हीण होऊन कुंपणावर चढते. नवरा मात्र तिला हाकलत नाही. आपल्याला मूल आहे, तुला विसरणार नाही, येत जा, असे म्हणतो. वैर धरतो तो कुत्रा.

कुझुनोहाच्या कथेत आबे नो यासुना शिकाऱ्यांपासून एका कोल्हिणीला वाचवतो आणि ती उपकार फेडायला त्याच्या वाग्दत्त वधूचे रूप घेऊन येते. त्यांचा मुलगा म्हणजे प्रसिद्ध ओन्म्योजी (ज्योतिष व मंत्रविधी जाणणारा) आबे नो सेइमेइ, अशी आख्यायिका आहे. सेइमेइ स्वतः दहाव्या शतकातला ऐतिहासिक पुरुष. १७३४ साली ओसाकात या कथेवर बाहुलीनाट्य आले. काबुकी या पारंपरिक नाट्यप्रकारात निघून जाणारी आई मुलाला कडेवर घेऊन, तोंडात कुंचला धरून कागदी दारावर निरोपाची कविता लिहिते. हा प्रवेश नटाच्या कसबाची परीक्षाच असतो.

वैरापासून सुरू होणारी कथा हवी असेल, तर युकी-ओन्ना, म्हणजे हिमस्त्री, सर्वांत जवळची. लेखक लाफ्काडिओ हर्नच्या ‘क्वाइदान’ या कथासंग्रहामुळे (१९०४) ती जगभर पोहोचली. हिमवादळात नावाड्याच्या झोपडीत अडकलेल्या म्हाताऱ्या मोसाकूला ती श्वासाने गोठवून मारते. त्याच्या सोबतच्या तरुण मिनोकिचीला सोडते, पण हे कुणाला सांगितलेस तर तुलाही मारीन, असे बजावून. पुढे त्याला ओ-युकी भेटते, लग्न होते, दहा मुले होतात. एका रात्री तो बायकोलाच ती हकिगत सांगून बसतो. मुलांकडे पाहून ती त्याला जिवंत ठेवते आणि धुके होऊन विरून जाते.

उलट्या दिशेच्या कथाही आहेत. दोजोजी मंदिराच्या आख्यायिकेत भिक्षूने फसवलेली कियोहिमे सर्पीण होऊन त्याला घंटेखाली जाळते. नऊ शेपट्यांची कोल्हीण तामामो-नो-माए तर माजी सम्राट तोबा यांची लाडकी असूनही मारली जाते. एदो काळातल्या (१६०३–१८६८) कथांनुसार ती आधी भारतात एका राजपुत्राची पत्नी होती.

ताकाहाशी रुमिको यांच्या ‘इनुयाशा’ (१९९६–२००८) या मांगात अर्धा-योकाई (योकाई म्हणजे अमानुष जीव) नायक आरंभी कागोमे या मुलीवर धावून जातो आणि पुढे तिच्यातच गुंततो. त्याचे किक्यो या पूर्वीच्या प्रेयसीशी आलेले वैर मात्र खलनायक नाराकूने कपटाने लावून दिलेले आहे. अशी सोय केली की नायकाचे हात स्वच्छ राहतात. या प्रकारातले बरेच लेखन हीच पळवाट घेते. ओ-युकीच्या बाबतीत ती नाही: मोसाकूला तिनेच मारलेले असते.