कोल्ड स्टार्टमधील रिच मिश्रण (टर्बो इंजिन)

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे थंड इंजिन चालू करताना त्याला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल मिळते, तेव्हा गाडी ‘कोल्ड स्टार्टला रिच’ आहे असे म्हणतात. फेरफार केलेल्या टर्बो गाड्यांत (टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारे यंत्र) हा दोष वारंवार दिसतो. सेल मारल्यावर इंजिन जेमतेम पकडते, मिसिंग करते, सायलेन्सरमधून काळा धूर आणि कच्च्या पेट्रोलचा वास येतो. पाच-दहा मिनिटांत इंजिन तापले की सगळे सुरळीत चालते आणि म्हणूनच पुष्कळ जण तिकडे दुर्लक्ष करतात.

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी त्याच्या १ भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. या प्रमाणाला लॅम्डा १ म्हणतात. पण जळते ती पेट्रोलची वाफ. थंड इंजिनात फवारलेल्या पेट्रोलचा बराच भाग इनटेक पोर्टच्या (हवा आत येण्याच्या वाटेच्या) भिंतीवर आणि व्हॉल्व्हच्या पाठीवर ओला थर होऊन बसतो, सिलिंडरपर्यंत वाफेच्या रूपात पोहोचतच नाही. ही तूट भरून काढायला पूर्वी चोक ओढत. आता ते काम ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, करतो. त्यासाठी त्याच्याकडे साधारण तीन तक्ते असतात: सेल मारतानाचा, इंजिन पकडल्यानंतरच्या काही सेकंदांचा आणि तापेपर्यंतचा. तिन्ही कूलंटच्या तापमानावर चालतात. म्हणजे थंडपणी थोडे रिच असणे रास्तच आहे; प्रश्न अतिरेकाचा आहे.

फेरफार केलेल्या गाडीत हा अतिरेक फक्त सकाळी का जाणवतो, याचे उत्तर धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरमध्ये आहे. हा सेन्सर सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय भरवशाचे सांगत नाही. तोवर ईसीयू आंधळेपणाने, केवळ तक्त्यांच्या भरवशावर पेट्रोल देतो. सेन्सर जागा झाला की ट्रिमच्या (सेन्सर पाहून ईसीयूने केलेल्या टक्केवारीतल्या दुरुस्तीच्या) रूपाने मिश्रण दुरुस्त होत राहते आणि मूळ चूक झाकली जाते. टर्बो गाडीत हा आंधळा काळ लांबतो, कारण धुरातली उष्णता आधी टर्बाइनचे जड घर शोषून घेते आणि सेन्सर सहसा धुराच्या वाटेत त्याच्यानंतर असतो. म्हणूनच सकाळचा धूर हा बहुधा गरम इंजिनातही असलेल्या, पण झाकलेल्या चुकीचा पुरावा असतो.

सर्वात जास्त गोंधळ इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारी तोंडे, घालतात. मिनिटाला ४४० सीसी देणाऱ्यांच्या जागी ८८० सीसीचे बसवले आणि ईसीयूला नवा आकडा सांगितला, तरी काम संपत नाही. काही ईसीयूंत सेल मारतानाचा तक्ता थेट मिलिसेकंदांत लिहिलेला असतो. तो इंजेक्टरच्या आकाराबरोबर आपोआप बदलत नाही, म्हणून तेवढ्याच वेळात दुप्पट पेट्रोल ओतले जाते. दुसरी बाब डेड टाइमची. वीज मिळाल्यापासून इंजेक्टर उघडेपर्यंत जाणारा हा वेळ बॅटरीचा व्होल्टेज घसरला की वाढतो, आणि सेल मारताना व्होल्टेज घसरतोच. त्याच्या भरपाईसाठी ईसीयू जादा वेळ जोडतो; ही भरपाई ईसीयूत गरजेपेक्षा जास्त भरली असेल, तर इंजेक्टर उगाच जास्त वेळ उघडा राहतो. आयडलिंगला एकूण पल्स (इंजेक्टरला वीज मिळण्याचा वेळ) २ मिलिसेकंदांची असेल आणि त्यातला १ उघडण्यातच जात असेल, तर ०.३ मिलिसेकंदाची चूक म्हणजे प्रत्यक्ष पेट्रोलात ३० टक्क्यांची चूक. इंजेक्टर मोठा असला की पल्स छोटी होते आणि ही चूक जास्त बोचते. त्यामुळे डेड टाइम अंदाजाने भरू नये. त्याच इंजेक्टरचा, त्याच दाबावर मोजलेला तक्ता मिळवावा.

इंधनाचा दाबही पाहावा. मोठा पंप बसवला आणि रेग्युलेटर (दाब नेमून ठेवणारा) किंवा रिटर्न लाइन (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी) अपुरी पडली, तर आयडलिंगला दाब चढलेलाच राहतो. ३ बारऐवजी ४ बार झाले तर इंजेक्टरमधून सुमारे १५ टक्के जास्त पेट्रोल जाते. बंद गाडीत दाब झपाट्याने उतरत असेल, तर इंजेक्टर ठिबकतो का तेही तपासावे. कूलंट सेन्सरची परीक्षा फार सोपी आहे: सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना कूलंट आणि इनटेक हवा यांची तापमाने जवळजवळ सारखी दिसली पाहिजेत. कूलंट २० अंश कमी दाखवत असेल, तर ईसीयू नसलेल्या थंडीसाठी पेट्रोल ओततो आहे. थर्मोस्टॅट काढून टाकलेल्या गाडीत इंजिन नीट तापतच नाही आणि वाढीव पेट्रोल चालूच राहते.

मॅप (ईसीयूतले पेट्रोलचे तक्ते) सुधारताना एक सापळा आहे, त्यात अनुभवी माणसेही अडकतात. अति रिच मिश्रणाने प्लग ओला होऊन मिसफायर झाला, म्हणजे मिश्रण पेटलेच नाही, की सिलिंडरमधला न वापरलेला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो. मिश्रणाचे प्रमाण दाखवणारा वाइडबँड सेन्सर ऑक्सिजनच मोजतो, म्हणून मीटरवर मिश्रण लीन (पेट्रोल कमी) दिसते. मग पेट्रोल वाढवले जाते आणि गाडी आणखी बिघडते. मीटर लीन म्हणत असेल पण प्लग काळा, ओला आणि पेट्रोलचा वास मारणारा निघाला, तर प्लगवर विश्वास ठेवावा.

दुरुस्तीचा क्रमही तितकाच महत्त्वाचा. आधी गरम इंजिनाचा मुख्य मॅप ट्रिम जवळजवळ शून्यावर येईपर्यंत बसवावा. थंडीचे बहुतेक तक्ते त्याच्यावर गुणाकाराने उभे असतात. मग गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी लॉगिंग (ईसीयूच्या आकड्यांची नोंद) सुरू करून सेल मारावा. सेल मारतानाचे पेट्रोल एका वेळी ५ ते १० टक्के कमी करावे. इंजिन पकडायला उशीर करू लागले, की एक पायरी मागे यावे. त्यानंतर पुढचे दोन तक्ते. लॉगमध्ये ज्या तापमानांतून इंजिन गेले, तेवढेच कप्पे बदलावेत. खरी थंड सुरुवात दिवसातून एकदाच मिळते, त्यामुळे हे काम आठवडाभर चालते. घाईने दुपारी अर्धवट कोमट इंजिनावर काढलेले आकडे सकाळी फसवतात. ई८५ (सुमारे ८५ टक्के इथेनॉल असलेले इंधन) वापरणाऱ्यांना हे तक्ते वेगळेच लागतात: इथेनॉलची थंडीत वाफ होणे अवघड जाते आणि ई८५ साठी हवेचे प्रमाण १४.७ ऐवजी ९.८ च्या आसपास असते.

या काळात इंजिन फ्लड झाले, म्हणजे पेट्रोलने भिजून पकडेनासे झाले, तर पुष्कळ ईसीयूंत अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल मारल्यास इंजेक्टर बंद राहतात आणि सिलिंडर कोरडे होतात. खरे नुकसान मात्र शांतपणे होते. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरची ऑइलची फिल्म धुऊन टाकते, पिस्टन रिंगा घासतात, आणि उरलेले पेट्रोल खाली ऑइलमध्ये मिसळून ते पातळ करते. टर्बोची बेअरिंग त्याच ऑइलवर फिरते. डिपस्टिकवर पातळी चढलेली दिसली किंवा ऑइलला पेट्रोलचा वास आला, तर मॅप जुळल्यावर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत.