खोटे मेसेज अडाणी माणसंच पाठवतात का?

"खोटं पसरवतात ती न शिकलेली माणसं, नाहीतर मुद्दाम आग लावणारी." हे आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. पण ते खरं नाही.

पंचगंगा पात्राबाहेर पडली, की कोल्हापुरात सगळ्यांचे फोन रात्रभर वाजतात. असंच एकदा रात्री साडेअकराला आमच्या घरच्या ग्रुपवर आलं, "राधानगरी फुटलं, जागे राहा!" पाठवणारी माझी काकू, निवृत्त मुख्याध्यापिका. धरण फुटलं नव्हतं. ते भरलं होतं, म्हणून त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडले होते, आणि ते बसवलेत त्यासाठीच. सकाळी विचारलं तर म्हणाली, "अरे, तुझी आत्या तळमजल्यावर राहते. खरं असतं आणि मी गप्प बसले असते तर?"

यात अडाणीपणा कुठे आहे? काळजी आहे, आणि घाई. ट्विटरवरच्या 2006 ते 2017 मधल्या बातम्या तपासणारा अभ्यास 2018 साली 'सायन्स'मध्ये आला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा 70 टक्के जास्त निघाली, आणि हा फरक आपोआप चालणाऱ्या खात्यांमुळे (बॉट) नव्हता, माणसांमुळेच होता. खोट्यात नवल जास्त असतं. 2021 मधल्या 'नेचर'मधल्या संशोधनात तर थांबवून विचारल्यावर बऱ्याच जणांना खरं-खोटं ओळखता आलं. पाठवताना लक्षच तिकडे नव्हतं.

काकू आता आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघते. इशारा 39 फुटांना, धोका 43 ला. मगच पाठवते.