परदेशातलं सेमिस्टर आणि मनाचा आलेख

परदेशात एक सेमिस्टर शिकायला निघालेल्या विद्यार्थ्यांना निघण्यापूर्वी बऱ्याचदा एक आलेख दाखवतात. इंग्रजी 'यू' अक्षरासारखा: आधी नवलाई, मग उदासी, मग हळूहळू रुळणं. तो इतका सोयीचा आहे की कुठून आला, हे फारसं कुणी विचारत नाही.

१९५५ साली स्वेरे लिस्गार्ड या नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञांनी फुलब्राइट या अमेरिकी शिष्यवृत्ती योजनेतून अमेरिकेला जाऊन आलेल्या सुमारे २०० देशबांधवांच्या मुलाखतींवर एक लेख लिहिला. सहा महिन्यांहून कमी राहिलेल्यांचं बरं चाललं होतं, सहा ते अठरा महिने राहिलेल्यांना जड गेलं आणि त्याहून जास्त राहिलेले पुन्हा रुळलेले दिसले. आता गंमत बघा. सेमिस्टर असतं चार-पाच महिन्यांचं. म्हणजे मूळ अभ्यास खरा मानला, तर आपला विद्यार्थी त्या दरीत उतरण्याआधीच घरी परततो! शिवाय लिस्गार्ड यांनी एकाच माणसाला पुन्हा पुन्हा विचारलं नव्हतं. वेगवेगळी मुदत काढून आलेली वेगवेगळी माणसं होती आणि बोलत होती ती आठवणीतून.

आठवणीचा हा मुद्दा किरकोळ नाही. १९९७ साली टेरेन्स मिचेल, ली थॉम्प्सन आणि सहकाऱ्यांनी युरोपची सहल, सायकलची मोहीम अशा अनुभवांबद्दल लोकांना आधी, चालू असताना आणि नंतर विचारलं. आधीची अपेक्षा गोड होती, नंतरची आठवणही गोड होती. मधे मात्र पाऊस, थकवा, कटकटी. पण या कटकटी नंतर काही दिवसांतच पुसट झाल्या.

म्हणून खरं काय ते कळायचं, तर त्याच विद्यार्थ्याला वेळोवेळी विचारायला हवं. मानसशास्त्रज्ञ कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांना पोचल्यापासून चोवीस तासांच्या आत गाठलं आणि पुढे वर्षभर विचारत राहिले. १९९८ साली निकाल छापला: सर्वांत जास्त त्रास अगदी सुरुवातीला, पुढे तो कमी होत गेला. म्हणजे ज्या दिवसांना आपण नवलाईचे समजतो, तेच कठीण. यात आश्चर्य तरी काय? घरी न विचार करता होणारी प्रत्येक गोष्ट, अगदी बस पकडण्यापासून प्राध्यापकांना शंका विचारण्यापर्यंत, तिथे लक्ष देऊन करावी लागते. आणि आधार देणारी माणसं नेमकी त्याच वेळी जवळ नसतात. नवलाई खोटी नसते. ती आणि धाकधूक एकाच वेळी नांदतात. पण फोटो काढला जातो तो नवलाईचा.

वॉर्ड यांनी आणखी एक भेद केला, तो मला आलेखापेक्षा उपयोगी वाटतो. व्यवहार जमणं वेगळं आणि मन रमणं वेगळं. पहिली गोष्ट एखादं कौशल्य शिकण्यासारखी आहे: सुरुवातीला भराभर येते, मग वेग मंदावतो. मन मात्र मैत्री, एकटेपणा, परीक्षा यांनुसार वरखाली होत राहतं. त्यामुळे सगळं नीट जमत असूनही एखाद्याला घरची ओढ अनावर होऊ शकते.

परतीचं काय? जॉन आणि जीन गलाहॉर्न यांनी १९६३ मध्येच 'यू'ला दुसरा 'यू' जोडून 'डब्ल्यू' केला, कारण घरी आल्यावरही जुळवून घ्यावं लागतं. हा धक्का बेसावध गाठतो. परदेशासाठी मनाची तयारी केलेली असते, घरासाठी कोण करतो? मित्रांचे विषय पुढे सरकलेले असतात आणि आपले किस्से दोन संध्याकाळींत संपतात.

माणूस यातून बदलतो का? युलिया झिमरमन आणि फ्रान्झ नायर यांनी जर्मनीतून परदेशी शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांची तुलना घरीच राहिलेल्यांशी केली (२०१३). गेलेले मुळातच जास्त बहिर्मुख होते, म्हणजे काही फरक आधीचाच. तो वजा केल्यावरही त्यांच्यात नव्याची आवड वाढलेली आणि भावनिक अस्थिरता घटलेली दिसली. या बदलाचा बराचसा संबंध तिथे जोडलेल्या नव्या नात्यांशी होता.

आता 'पुन्हा जाशील का?' हा प्रश्न. सुट्टीला गेलेल्या विद्यार्थ्यांवरच्या २००३ सालच्या एका अभ्यासात याचं उत्तर त्या त्या क्षणीच्या भावनांवरून नव्हे, तर नंतरच्या आठवणीवरून ठरत होतं. सेमिस्टरच्या शेवटी भरून घेतलेल्या अभिप्रायात पहिल्या आठवड्यातली रडारड सापडत नाही, ती यामुळेच.