कंपनीवर गुन्हा, मग आत कोण जाणार?

नाशिकच्या अंबड-सातपूरचे कारखानदार नोटीस घेऊन ऑफिसात आले की खुर्चीत टेकायच्या आधीच विचारतात, "साहेब, आत कोण जाणार?"

कंपनीला कोठडीत टाकता येत नाही. म्हणून कैद सक्तीची असेल तर तिच्यावर खटलाच चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये म्हटलं. २००५ मध्ये घटनापीठाने ते फिरवलं, तेही तीन विरुद्ध दोन मतांनी. आता कैद जमत नसेल तर दंड, पण खटला होणारच.

संचालक मात्र आपोआप आरोपी होत नाही (सर्वोच्च न्यायालय, २०१५). त्याचा स्वतःचा हात हवा, किंवा कायद्यात तशी तरतूद हवी. चेक बाउन्सच्या कायद्यातलं कलम १४१ ही तशी तरतूद: त्या वेळी कारभार पाहणारा प्रत्येक जण त्यात येतो. म्हणूनच राजीनामा दिला, पण कंपनीने संचालक बदलल्याची नोंद करणारा डीआयआर-१२ फॉर्म भरला नाही, असे जुने संचालक हकनाक कोर्टाच्या पायऱ्या चढतात.

माल परदेशी जात असेल तर तिथली रीतही माहीत हवी. द्राक्षांचे कंटेनर उतरतात त्या नेदरलँड्समध्ये १९७६ पासून कोणत्याही गुन्ह्यात कंपनी आरोपी होऊ शकते. जर्मनीत कंपनीला गुन्हेगार म्हणतच नाहीत. पण वरच्या माणसाने जाणूनबुजून गुन्हा केला, तर कंपनीला एक कोटी युरोपर्यंत दंड, नफा त्याहून मोठा असेल तर आणखी. शब्दाचा फरक, खिशाला तोच चटका! अमेरिकेत १९०९ पासून साध्या सेल्समनने कंपनीच्या फायद्यासाठी केलेला गुन्हाही कंपनीच्या माथी बसतो.

इंग्लंडची गंमत वेगळी. जाहिरातीतल्या स्वस्त दराची धुण्याची पावडर रॅकवर नव्हती, गिऱ्हाइकाकडून पूर्ण पैसे घेतले. तरी १९७१ मध्ये टेस्को ही सुपरमार्केट कंपनी सुटली, कारण दुकानाचा मॅनेजर म्हणजे कंपनी नव्हे! ही पळवाट लाचेपुरती २०१० च्या कायद्याने बुजवली: आपल्या माणसाने धंद्यासाठी लाच दिली की कंपनी दोषी, पुरेसा बंदोबस्त केल्याचं दाखवलं तरच सुटका. आपल्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातही २०१८ पासून हेच आहे. त्यामुळे 'एजंटने परस्पर दिले' हे उत्तर आता पुरत नाही. एजंटशी लेखी करार आणि त्याच्या कमिशनची बिलं फाइलला असू द्या.

चेकची नोटीस आली तर लिफाफ्यासकट आणा. पैसे भरायचे १५ दिवस ती हातात पडल्यापासून मोजतात, आणि बरेच जण नेमका लिफाफाच फेकून देतात.