शिमग्याच्या कॅसेटवर रेघा: टेप गेली की नुसता इंटरलेस?

गणपतीत नाहीतर शिमग्यात मुंबईकर गावी आले की माळ्यावरच्या व्हीएचएस कॅसेटी खाली उतरतात, कोणाकडे तरी चालू व्हीसीआर असतोच, त्याला युएसबी कॅप्चर (कॅसेटवरचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारी डबी) लावून लॅपटॉपवर चालू करायचं आणि दोन मिनिटांत कोणीतरी बोलणारच, "रेघा येतायत, गेली कॅसेट, आपल्याकडची हवाच तशी." हवा दमट आहे हे खरं, पण प्रत्येक रेघेचं खापर तिच्यावर नको.

आपल्याकडचं पाल (PAL, आपल्याकडच्या जुन्या टीव्हीची पद्धत) व्हिडिओ म्हणजे सेकंदाला 25 फ्रेम, पण एक फ्रेम एकदम येत नाही, आधी एकाआड एक रेघा आणि मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने उरलेल्या. जुना डबा टीव्ही त्या तशाच एकामागून एक काढायचा त्यामुळे कधी खटकलं नाही. लॅपटॉप दोन्ही एकत्र दाखवतो, आणि मधल्या वेळात जे हललं त्याच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. हा इंटरलेस, टेप ठणठणीत आहे.

ओळखायचं कसं, तर पॉज करा. पालखी नाचवतायत, पालखीच्या दांड्याला आणि नाचवणाऱ्यांच्या हातांना दात आलेत, पण मागे गप्प उभे असलेले लोक आणि देवळाची भिंत एकदम स्वच्छ? मग इंटरलेस. टेपचा बिघाड कोण हलतंय ते बघत नाही. ट्रॅकिंग, म्हणजे व्हीसीआरचं टेपवरच्या नोंदीवर नीट बसणं, चुकलं की खरखरीत आडवा पट्टा भिंतीवरून, माणसांवरून सरळ जातो आणि व्हीसीआरचं ट्रॅकिंग फिरवलं की वरखाली सरकतो. चुकार छोट्या पांढऱ्या रेघा चमकून जात असतील तर तिथला टेपवरचा थर गेलाय किंवा कचरा बसलाय.

आणि अगदी तळाशी कायम फाटल्यासारखी दिसणारी बारीक पट्टी, ती या दोन्हीतली नाही. व्हीसीआरमधलं टेप वाचणारं एक हेड दुसऱ्याकडे काम सोपवतं तिथली ती जागा, जुन्या टीव्हीच्या चौकटीआड झाकलेली असायची. क्रॉप करा नाहीतर राहू द्या.

बुरशी मात्र कॅसेट घालायच्या आधी बघायची. खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरी पूड किंवा जाळी दिसली तर घालूच नका, ती हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही.

इंटरलेसला व्हीएलसी प्लेअरमध्ये कीबोर्डवरचं डी दाबा, बघण्यापुरतं काम झालं. फाईल बनवायची असेल तर डीइंटरलेस करून (म्हणजे हे दात काढून) सेकंदाला 50 फ्रेमची बनवा, 25 ची केली की नाचातली अर्धी हालचाल जाते. मूळ 720×576 कॅप्चर आहे तसं जपून ठेवा. कॅसेटी बाहेर करायला दिल्यात तर हे आधीच बजावून सांगा, कारण काही जण डीइंटरलेस न करताच 1080 ला ताणून देतात, मग ते दात चित्रातच पक्के बसतात, नंतर काढणं महाकठीण.

इंटरलेस आणि टेपचा पट्टा दोन्ही भानगडी एकत्र असतील तर आधी हेड साफ आणि ट्रॅकिंग, मगच कॅप्चर. डीइंटरलेस काय पुढच्या वर्षीही होईल, पण कॅप्चरमध्ये आलेला पट्टा घालवायचा तर कॅसेट परत चालवावी लागते, आणि तोवर व्हीसीआर चालू असेल याची गॅरंटी कोण देणार.