ईएससी बदललाय? टेकऑफच्या आधी हे वाचा

ईएससी म्हणजे फवारणी ड्रोनच्या मोटरचा वेग सांभाळणारं मॉड्यूल. खरीप सुरू झाला की भोसरीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये एकच फोन पुन्हापुन्हा येतो : "तुमचा नवीन ईएससी लावला, कॉम्प्युटरवरच्या यादीत दिसतोय, तरी उचलताना ड्रोन पलटी झाला. पीस खराब आहे."

पीस बहुधा चांगला असतो. घोळ होतो तो 'ऑटो-कॉन्फिगर', म्हणजे आपोआप सेट होणं, या शब्दाने. तो शब्द आम्हीही वापरतो, हे कबूल.

ड्रोनकॅनच्या, म्हणजे ड्रोनचे भाग ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या वायरवर मॉड्यूल जोडलं की ते ऑटोपायलटकडे, म्हणजे ड्रोन उडवणाऱ्या कॉम्प्युटरकडे, स्वतःच्या ओळखीचा नोड नंबर मागतं. आर्डूपायलट हे त्यातलं सॉफ्टवेअर १२५ पासून खाली नंबर देत जातं आणि कुठला कोणाला दिला तेही लक्षात ठेवतं. हे सगळं आपोआप होतं. पण हजेरीपटावर नाव लागलं म्हणजे काम नेमून दिलं, असं नाही. कुठली मोटर चालवायची ते ईएससीच्या आतला इंडेक्स ठरवतो, आणि तो हाताने भरावा लागतो. नव्या पीसमध्ये तो बहुतेकदा ० असतो, म्हणजे मोटर १. असा पीस मोटर ३ च्या आर्मवर (मोटर बसते त्या दांड्यावर) बसवलात तर ती मोटर फिरते खरी, पण पहिलीच्या हुकमाने. जमिनीवर चारही मोटरी सारख्याच फिरतात, म्हणून काही कळत नाही. ड्रोन उचलला की कळतं. जुन्या ड्रोनचा ईएससी काढून लावलात तरी तोच प्रकार, कारण तो आपला जुना इंडेक्स घेऊनच येतो.

प्रवासी विमानात एकसारखे बॉक्स वेगवेगळ्या जागी बसतात. तिथे त्या जागेच्या वायरिंगमध्येच काही पिना जोडून ठेवलेल्या असतात. त्या वाचून बॉक्सला आपली जागा कळते. आपल्या फवारणी ड्रोनच्या आर्मवर अशी सोय नसते.

म्हणून ईएससी बदलला की आधी प्रॉप (पंखे) काढा, मग कॉम्प्युटरवरच्या मिशन प्लॅनर सॉफ्टवेअरमध्ये मोटर टेस्ट करा. इथे एक जण हमखास चुकतो : टेस्टमधले ए, बी, सी, डी म्हणजे मोटर १, २, ३, ४ नव्हे. ए म्हणजे पुढची उजवी, तिथून घड्याळाच्या दिशेने. क्वाड एक्समध्ये (चार मोटरी एक्सच्या आकारात) तो क्रम १, ४, २, ३ असा येतो. हे न कळल्यामुळे लोक बरोबर भरलेला इंडेक्सही बदलून ठेवतात, आणि मग आमचा अर्धा दिवस आधीचं काय होतं ते शोधण्यात जातो.

ईएससी यादीत मधूनमधून गायब होत असेल, तर मात्र इंडेक्सला हात लावू नका. बॅटरी काढून ड्रोनकॅनच्या कॅन-हाय आणि कॅन-लो या दोन तारांमध्ये मीटर लावा. ६० ओहमच्या आसपास यायला हवेत. १२० आले तर वायरच्या दोन टोकांपैकी एका टोकाचा रेझिस्टर नाही.

एका ईएससीच्या ऑर्डरसाठी आम्ही अख्ख्या ड्रोनची पॅरामीटर (सेटिंगची) फाइल आणि आर्मचा फोटो मागतो. "दुकानदार एवढं विचारत नाही," असं ऐकायला मिळतं. बरोबर आहे, तो इंडेक्सही भरून देत नाही. आम्ही भरतो, टेस्ट बेंचवर फिरवून पाहतो आणि पीसवर मोटर नंबरचं स्टिकर लावतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत. दुसरीकडून घेतलेला ईएससी असेल तर बेंचचा चार्ज पडेल.

सीझनमध्ये फाइल सकाळीच व्हॉट्सअॅप करा, म्हणजे पीस त्याच दिवशीच्या कुरिअरने निघतो.